बद्रूच्या नावाचा कप

कुसगाव, शुक्रवार ता. १२ जून १९३६

मेहरुन,

दुवा-सलाम शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी मला हे सांग, चांदीचा कप माझ्या कोनाड्यात आणि ज्या पोरानं तो जिंकला ते तुझ्या मांडीवर दौंडात, ह्याला काय म्हणायचं? तू दोन महिने राहिलीस आणि गेलीस गाडीत बसून. मागं मी काय निस्तरते आहे ते तुला कुटं ठाऊक?

काल बेस्तरवारी डॉक्टरीणबाई दारात. सांगावा न्हाई, निरोप न्हाई. टांग्यातून उतरल्या आणि मागं शिपायाच्या डोक्यावर तो मेला तराजू. दारातूनच हाक, "कुठाय माझा पैलवान?"

माझ्या हातातलं सूप तिथंच पडलं.

तुला सगळं ठाऊक आहे, पण तू वागतेस जसं काही झालंच न्हाई, म्हणून परत लिहिते. डॉक्टरीणबाई म्हणजे माझा गफूर ज्याच्या बंगल्यावर माळीकाम करतो त्या शेटची सख्खी बहीण. बंगल्यावर मे महिन्यात पोरांचं प्रदर्शन भरवायचं तिच्या मनात आलं. नोकराचाकरांची झाडून सगळी पोरं आणायची असा हुकूम. गफूरनं यादीत बद्रूचं नाव घालून ठेवलं, बद्रुद्दीन गफूर माळी, सात महिने. आणि त्याच सकाळी बद्रूला जुलाब. पोरगं पिळून टाकलेल्या फडक्यासारखं पडलेलं. सून हसिना म्हणते, नेत न्हाई. नावाचा पुकारा झाला आणि पोर न्हाई, तर शेट गफूरला काय म्हणाला असता? मला वाटलं ही नुसती हजेरी आहे. शाळेत नाव घेतात तसं. कुणीतरी "हाय" म्हणायचं आणि यायचं. शेजारी तुझा नूरू लोळत होता भोपळ्यासारखा. दोघांत अठरा दिवसांचं अंतर. उचलला आणि नेला. माळ्याच्या पोराचं तोंड कोण बघून ठेवतंय?

तर त्यांनी तोंड बघितलं, दात बघितले, मांड्या दाबल्या, तागडीत घातला. तिसरं बक्षीस पाळणा, दुसरं झबली. मी म्हटलं सुटलो, चला घरी. तेवढ्यात पहिलं म्हणून बद्रूचं नाव! लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर फोटू काढला. मी बसलेली, मांडीवर तुझा नूरू, खाली बद्रूचं नाव. तो फोटू आता बंगल्यातल्याच बाईंच्या दवाखान्यात लावलाय.

मला वाटलं कप दिला, संपलं. पण न्हाई. पहिल्या बक्षिसाला वर्षभराची शेपटी आहे. बाई दर महिन्याच्या दुसऱ्या बेस्तरवारी घरी येणार, पोर तोलणार, वहीत लिहिणार आणि दुधाच्या पावडरीचे दोन डबे देणार. पुण्याच्या कुठल्या सभेत तो आकडा वाचून दाखवायचा आहे त्यांना.

काल मी म्हटलं, "आईसंगं आजोळी गेलाय." आणि आई पोराला घेऊन कणगीमागं श्वास धरून बसलेली. बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला घरात ठेवा हं. वजन चुकवायचं नसतं."

बद्रूला तागडीत घातला तर निम्मा भरायचा न्हाई. गफूर म्हणतो, आई, हे फुटलं तर शेट दुसऱ्या दिवशी नारळ देईल. काल रातभर झोपला न्हाई तो.

तर तू आठ जुलैला बुधवारी नूरूला घेऊन ये. बेस्तरवारी वजन झालं की शुक्रवारी जा. एवढं काही डोंगर उचलायला सांगत न्हाई.

सगळ्यांना दुवा. जागा उरली.

मदिना


दौंड, ता. १९ जून १९३६

आपास मेहरुनचा सलाम.

पत्र मिळालं. रागावू नकोस, पण मला येता येईल असं वाटत नाही. सासूबाईंचा गुडघा सुजला आहे, पाणी मलाच भरावं लागतं.

आणि खरं सांगू का, त्यांनी सोडलं तरी यायला माझं मन होत नाही. नूरूला इथं आल्यावर चार दिवस सारखा ताप होता. सासूबाईंनी मीठमिरच्या उतरवल्या तर घरात जराही ठसका उठला नाही. त्या म्हणाल्या, एवढी दृष्ट लागली कुठं पोराला? माझ्या तोंडून निघून गेलं की तागडीत घातला होता. आपा, त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. धान्य तोलतात, मूल तोलतात का कुणी? दोनशे माणसांसमोर? तू मला विचारलंही नव्हतंस. मी ओढ्यावर धुणं धूत होते. आले तर पाळणा रिकामा.

दुसरी अडचण ह्यांची. कपाची बातमी ह्यांना कळली आणि ह्यांनी सगळ्या रेल्वेच्या चाळीत सांगून टाकलं, माझ्या पोराला लोणावळ्यात चांदीचा कप मिळाला म्हणून. आता रोज कुणी ना कुणी विचारतं, कप कुठाय? हे म्हणतात, आपांना लिही, पार्सलनं पाठवा. कपावर नूरूचं नाव आहे असं ह्यांना वाटतं. माझ्याच्यानं खरं सांगवलं नाही.

बद्रू कसा आहे? पोट भरतं का त्याचं? हे तुला नाही विचारत, हसिनाला विचार. मी विचारलंय म्हणून सांग तिला. आणि ती काय म्हणाली ते मला लिही. विसरू नकोस.

तुझी मेहरुन


कुसगाव, ता. २४ जून

मेहरुन,

हे कार्ड. जास्त लिहायला फुरसत न्हाई.

कप मिळायचा न्हाई. बाई आल्या की आधी कोनाड्याकडं बघतात. तुझ्या घरधन्याला सांग, कप सासरी जात नसतो.

तुझ्या सासूचा गुडघा आठ जुलैपर्यंत बरा होईल. तेल चोळ.

हसिनाला विचारलं. ती म्हणाली, "बरा हाय," आणि उठून गेली. तिचं उत्तर एवढंच असतं. बद्रू बरा आहे. आईवर गेलाय, किडकिडीत.

मदिना


कुसगाव, शुक्रवार ता. १० जुलै १९३६

मेहरुन,

बुधवारी मी ठेसनावर दोन गाड्या बघितल्या. अंड्यांची टोपली तशीच घेऊन उभी होते, बंगल्यांवर गेलेच न्हाई. हमाल म्हणाला, "मावशी, कुनाची वाट बघताय?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीची. लहानपणापासून माझ्या पदराला धरून वाढलेली. आता मोठी झाली." त्याला काय कळलं देव जाणे.

काल बाई आल्या. भर पावसात, गुडघाभर चिखलात टांगा सोडून चालत आल्या. आल्या त्या आल्याच. मी सकाळीच हसिनाला आणि बद्रूला शेजारी सरुबाईच्या गोठ्यात ठेवलं होतं. सरुबाई म्हणते, "मदिनाबाय, एका भांड्यापायी नातवाला म्हशीच्या गोठ्यात ठेवतीस व्हय? लय शहाणी झालीस." मी म्हटलं, "तू दार लावून घे, शहाणपण मागनं शिकव."

बाईंना सांगितलं, आजोळी गोवर निघालाय, पोर तिथंच अडकलंय. त्यांनी छत्री मिटली, खाटेवर बसल्या. मग हळू म्हणाल्या, "मदिनाबाई, मूल जिवंत आहे ना? खरं सांगा. मी ओरडणार नाही."

मी लगेच म्हटलं, "अल्लाची शपथ, जिवंत हाय." ती शपथ तरी खरी घेतली. त्या म्हणाल्या, "ऑगस्टमध्ये मूल दिसलं नाही तर मी दादाला सांगून चौकशी करवीन." दादा म्हणजे शेट. डबे ह्या खेपेला दिले न्हाईत, वजनाशिवाय देत न्हाईत म्हणे.

आधीचे चार डबे आहेत, दोन कपासंगं मिळालेले, दोन जूनमध्ये वजन न करता विश्वासावर दिलेले. ट्रंकेत ठेवलेत, कुलपात. एकालाही हात लावला न्हाई. ते तुझ्या पोराच्या वजनावर आलेलं दूध आहे. बद्रूच्या पोटात गेलं तर ती चोरीच. एक लबाडी केली ती झाली, तिचं खाणार न्हाई. तू आलीस की घेऊन जा.

कपाचं तर विचारू नकोस. गावात कुणी उठवलं की ह्या कपातून पाजलं की पोर बाळसं धरतं. पहिल्यांदा सरुबाईनं नेला. मग कस्तुराबाई पाटलीण स्वतः आली मागायला, कधी माझ्या दाराला पाय लावला नव्हता तिनं. आता आठ घरं फिरलाय, एका बाजूला पोचा आलाय. बाईंनी बोट लावून विचारलं, हे काय? मी म्हटलं, पोरानं आपटला. सगळ्या कुसगावची पोरं त्यातून पेज पितात, आमचा बद्रू सोडून. त्याचं नाव कोरलंय ना वर. मला ते बघवत न्हाई.

एक बरं आहे, बद्रू हल्ली रडत न्हाई. दोन तास गोठ्यात होता, हूं न्हाई की चूं न्हाई. न्हाईतर कालच उघडं पडलो असतो. नुसता पडून डोळे उघडून बघतो. तू होतीस तेव्हा बरा होता पोरगा, खिदळायचा. तुझा पायगुण म्हणायचा, दुसरं काय. सुनेचं काही कळत न्हाई. पाजायला बसली की भिंतीकडं तोंड करून बसते, जशी मी दृष्ट लावणार. विचारलं तर डोळ्याला पदर.

ऑगस्टच्या दुसऱ्या बेस्तरवारी तेरा तारीख येते. तोवर तू आली न्हाईस तर गफूरची नोकरी गेली असं समज. तुझ्याच मांडीवर ती आहे.

मदिना


दौंड, मंगळवार ता. १४ जुलै १९३६

आपा,

तुझं पत्र दुपारी आलं. चूल विझवून लिहायला बसले आहे.

बद्रू रडत नाही हे बरं आहे असं तू लिहिलंस. आपा, ते बरं नाही. भुकेलं पोर आधी रडतं. मग त्याची ताकद सरते आणि ते गप्प होतं. आमच्या चाळीत गेल्या वर्षी असं एक पोर गेलं. शेवटचे आठ दिवस त्याचा आवाज नव्हता. आईला वाटलं शहाणं झालं.

हसिनाने मला शपथ घातली होती. ती आज मोडते, पाप लागलं तर मला लागो.

हसिनाला दूध नाही. चैत्रातच आटलं. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला विहिरीवर सांगितलं आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला, आत्याबाईंना, म्हणजे तुला, कळता कामा नये म्हणून. तू विचारशील, का? शालूबाईच्या सुनेचं दूध आटलं तेव्हा तू चार बायकांत काय म्हणाली होतीस, आठव. "आटलेल्या म्हशीला पेंड कशाला घालायची?" सगळ्या हसल्या. हसिना तिथं तांदूळ निवडत होती. तिला तेव्हा सातवा महिना होता.

त्या दोन महिन्यांत बद्रूला मी पाजत होते. तू अंडी घेऊन बंगल्यांवर गेलीस की एकीकडं नूरू, एकीकडं बद्रू. पहाटे हसिना त्याला पदराखाली माझ्याकडं आणायची. माझा पायगुण वगैरे काही नव्हता, आपा. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तुझ्याकडं पाहुणे होते, तू घरातच राहिलीस. पोर दिवसभर पेजेच्या पाण्यावर राहिलं, म्हणून त्याला जुलाब झाले.

आणि माझी चूक मीही लिहिते. तू नूरूला तागडीत घातलंस त्याचा मला इतका राग आला की मी तिसऱ्या दिवशी गाडीत बसले. हसिना ठेसनापर्यंत आली होती, गाडीच्या खिडकीला धरून उभी होती. मी मनाला समजावलं, आता ती सांगेल तुला. तिनं सांगितलं नाही हे मला तुझ्या कार्डावरूनच कळलं होतं. तरी मी तीन आठवडे गप्प बसले.

ते डबे आजच्या आज फोड. चोरी कसली? बद्रू नूरूचा दूधभाऊ आहे. भावाचं दूध भावाला चालतं. आणि मूल डॉक्टरीणबाईंना दाखव. ती बाई दोनदा तुझ्या दारात औषधाची पेटी घेऊन आली आणि आपण पोर तिच्यापासून लपवलं. ह्याच्यावर काय बोलू?

मी यायचं म्हणशील तर ह्यांना सगळं सांगावं लागेल, कपासकट. ते कसं सांगू कळत नाही. सासूबाई नूरूला उंबऱ्याबाहेरही नेऊ देत नाहीत.

मेहरुन


कुसगाव, शनिवार ता. १८ जुलै १९३६

मेहरुन,

तुझं पत्र परवा बेस्तरवारी आलं. दोनदा वाचलं. मी दुसरीपर्यंत शिकले, मला एकदा वाचून सगळं लागत न्हाई. पण म्हशीचं वाक्य पहिल्यांदाच लागलं.

मी तसं म्हणाले होते. व्हय, म्हणाले होते. हसू आलं सगळ्यांना, मलाही आलं.

हसिना परड्यात होती. हाक मारली तर मागं सरली, पत्र माझ्या हातात बघून. तिला काय म्हटलं ते मी लिहीत न्हाई, ते आमच्या दोघींत राहू दे. त्या दिवशी भाकरी मी थापली. पहिली तिच्या ताटात वाढली.

डबा कोयत्यानं फोडला. पाण्यात कालवून बद्रूला चमच्यानं पाजलं. दोन चमचे गेले आणि सगळं बाहेर. परत पाजलं, परत बाहेर. मग मात्र मला राहवलं न्हाई. घोंगडीत गुंडाळला, एका हातात तो, एका हातात कप, आणि बंगल्यावर गेले. गफूर झाडं बांधत होता, आडवा आला. "आई, जरा थांब, शेट हायत घरात." मी म्हटलं, "असू देत. तुझी नोकरी मोठी का तुझं पोर? सांग हितंच." बाजूला झाला. मागनं रडत आला माझ्या.

बाईंच्या टेबलावर कप ठेवला आणि शेजारी बद्रूला. म्हटलं, "ह्याचं नाव बद्रुद्दीन. फोटूतला माझ्या बहिणीचा. आता काय करायचं ते करा."

मेहरुन, मला वाटलं कप फेकून मारतील. त्यांनी कपाकडं बघितलंच न्हाई. घोंगडी सोडली, पोटाला हात लावला, पापणी वर केली, कातडी चिमटीत धरून बघितली, ती तशीच उभी राहिली. तागडीत घातला. साडेदहा रत्तल. तुझा नूरू मे महिन्यात एकोणीस होता. बाईंनी आकडा लिहिला आणि मग बोलल्या. शिव्या न्हाईत, पण शिव्या परवडल्या असत्या.

"मी दोनदा आले. हा तेव्हा कुठं होता?"

"कणगीमागं," म्हटलं. "आणि गोठ्यात."

"किती हातांवर?"

मी दाखवलं, हितनं तितं. त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "खोटं बोललात त्याचं मी नंतर बघेन. दादाला काय सांगायचं तेही नंतर." म्हणजे गफूरची टांगती आहेच. ती राहू दे टांगती.

दुधाचं त्यांनी शिकवलं. पाणी उकळून घ्यायचं, डब्यातलं एक चमचा, पाणी आठ, घोटघोटभर, तासातासानं. मी किती घट्ट कालवलं होतं ते ऐकून त्यांनी डोळे मिटले. मग कप माझ्याकडं सारला. "ह्यातूनच पाजा. पण आधी उकळा आणि गावात देऊ नका." काल कस्तुराबाई न्यायला आली, तिला म्हटलं, आता ज्याचं नाव त्याचा कप. तोंड वाकडं करून गेली.

परवापासून असं चाललंय. चार घोट पितो, दोन टाकतो. रात्री हसिना, दिवसा मी. सकाळी जरा कुरकुरला. बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. हसिनानं आणि मी एकमेकींकडं बघितलं. पोर रडलं म्हणून हसणाऱ्या आमी दोघीच असू मावळात. पण दुपारपासून परत गप्प आहे.

बाई आज सकाळी येऊन गेल्या. दारात मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नुसत्या डब्यावर मी हमी देत नाही, मदिनाबाई. अंगावरचं दूध मिळालं तर पंधरा दिवसांत फरक दिसेल. गावात कुणी पाजणारी आहे का?" धोंडाबाईची लेक आहे ओली, तिला विचारून बघितलं. तिच्या सासरचे न्हाई म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे, त्यांचं पोर तीन महिन्यांचं. आता तूच.

तर ऐक. हे पत्र तुझ्या घरधन्याला वाचून दाखव, तुला सांगवत न्हाई तर माझ्या तोंडून ऐकू दे. भाऊ, कप तुमच्या पोरानं जिंकला हे खरं. नाव त्यावर माझ्या नातवाचं आहे हेही खरं. लबाडी मेहरुननं केली न्हाई, मदिनानं केली. पोर जगलं की कप मी स्वतः डोक्यावर घेऊन दौंडाला येईन, चाळीच्या तोंडाशी उभी राहीन आणि कुणाचा ते ओरडून सांगेन. आणि तुमच्या आईला सांगा, नूरूला तागडीत मी घातला, दृष्ट काढायची तर माझी काढा, ज्या म्हणतील त्या मिरच्या आणते. पण त्यांनी आत्ता मेहरुनला आणि नूरूला सोडावं. एक महिना. जास्त न्हाई.

मेहरुन, तू लिहिलंस दूधभाऊ आहे. मग आता भावासारखं वागायची पाळी नूरूची आहे. त्याच्या वाट्याचं थोडं कमी होईल, मला ठाऊक आहे. एकोणिसातलं जाईल काही. मी मागते आहे ते काय आहे ते मला कळतं.

तुझ्या पाया पडते असं मी लिहिणार न्हाई. धाकटी आहेस, आई गेल्यावर तुला मोरीत धरून मी न्हाऊ घातलंय. पण लिहिलंय असं समजून वाच.

बुधवारी बावीस तारखेला दुपारच्या गाडीला मी लोणावळा ठेसनावर उभी आहे, ह्या खेपेला टोपली न घेता. तू उतर. उतरायचं नसलं तर बुधवारच्या टपालानं मला मिळेल असं 'न्हाई' एवढं तरी लिही, नुसतं तेवढं. म्हणजे बेस्तरवारी उजाडता उजाडता पोराला घेऊन कुणाच्या दारात जायचं ते मला ठरवता येईल.

तुझी आपा
मदिना